रुपया की सेल?

आधी एक कोडं सोडवा.

डॉक्टरांसमोर एका दीड वर्षाच्या मुलीचा एक्स-रे आहे. फासळ्या दिसताहेत, खांद्यांची हाडं दिसताहेत आणि गळ्याच्या तळाशी, बरोबर मधोमध, एक पांढराशुभ्र गोल दिसतोय. मुलीने काहीतरी गिळलंय हे उघड आहे. आई म्हणते, "रुपया असणार. सकाळी माझी पर्स उपडी केली होती हिने." मोठा भाऊ म्हणतो, "आई, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचं मागचं झाकण निघालंय. आतला सेल नाहीये."

रुपया की सेल?

उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. रुपया असेल, मुलगी नीट श्वास घेत असेल आणि लाळ गिळत असेल, तर डॉक्टर काही तास थांबू शकतात. काही वेळा नाणं आपलं आपण पोटात उतरतं आणि दोन-चार दिवसांनी शीतून बाहेर येतं. (हसू नका. ते आलं की नाही हे बघायची ड्यूटी घरात कुणाला तरी लागतेच.) सेल असेल तर मात्र रात्रीचे दोन वाजलेले असोत की दिवाळीचा पाडवा असो, ऑपरेशन थिएटर उघडायचं, भूल द्यायची आणि तो काढायचा. तासाभराचाही उशीर परवडत नाही.

आणि पंचाईत अशी की दोघांचं माप एकच. 2019 साली आलेल्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं 20 मिलिमीटर व्यासाचं आहे. वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, स्पीकरच्या चपट्या रिमोटमध्ये जो बटण सेल असतो, तोही बहुतेकदा 20 मिलिमीटरचाच. विश्वास बसत नसेल तर आईला किंवा बाबांना तो हातात धरायला सांगा आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचा. सीआर 2032. यात सेलची सगळी कुंडली आहे. 'सी' म्हणजे आतली रसायनं लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडची, 'आर' म्हणजे आकार गोल, 20 म्हणजे व्यास 20 मिमी आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिमी. मग सीआर 2025 ची जाडी किती? आणि सीआर 1620 चा व्यास? बघा, जमलं!

कोड्याचं उत्तर जरा पुढे. त्याआधी एक प्रश्न, जो तुमच्या धाकट्या भावंडाकडे बघून तुम्हाला शंभरदा पडला असेल. हे कार्टं सगळं तोंडात का घालतं?

कॅनडातल्या माँट्रियल शहरात वाइल्डर पेनफील्ड नावाचे मेंदूचे सर्जन होते. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे ते रुग्णाला जागं ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या पृष्ठभागावर किंचितशी वीज टेकवायची आणि विचारायचं, काय वाटतंय? रुग्ण सांगायचा, अंगठ्याला मुंग्या आल्या. जागा थोडी बदलली की म्हणायचा, आता ओठाला. असं करत करत 1930 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या अंगाचा नकाशा मेंदूवर मांडला. त्या नकाशात धडाच्या वाट्याला आली एक चिंचोळी पट्टी आणि ओठ-जिभेच्या वाट्याला ऐसपैस प्लॉट. एवढीशी जीभ, पण जागा अडवून बसली आहे पाठीपेक्षा जास्त! दातात पेरूची एक बी अडकली तर ती जिभेला केवढी मोठी वाटते, आठवा.

बाळाला तर पहिले काही महिने लांबचं धड दिसत नाही, हात सांगू तिकडे वळत नाहीत. जन्मल्यापासून पक्कं चालणारं अवजार एकच, तोंड. 1979 साली अँड्र्यू मेल्टझॉफ आणि रिचर्ड बॉर्टन या दोन शास्त्रज्ञांनी महिन्याभराच्या बाळांना चोखण्या दिल्या. काहींना गुळगुळीत, काहींना बारीक टेंगळं असलेल्या. चोखणी बाळाला दिसणार नाही अशी काळजी घेतली. मग त्याच आकारांचे दोन मोठे गोळे समोर धरले. बाळं जास्त वेळ बघत राहिली ती त्यांनी तोंडात घेतलेल्या आकाराकडे! म्हणजे तोंडाने चाचपलेलं डोळ्यांनी ओळखलं. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा दरवेळी असंच निघालं नाही, त्यामुळे महिन्याभराचं बाळ इतकं हुशार असतं का, यावर वाद आहे. पण वस्तू तोंडात घालून बाळ तिची चौकशी करत असतं, ही गोष्ट कुणीही मान्य करेल. कडक की मऊ, गार की कोमट, चवीची की बेचव. तुम्ही दुकानात नवीन पेन उघडून बघता की नाही? मग!

साधारण नऊ महिन्यांचं होईपर्यंत बाळ वस्तू पंजाने ओढतं. सगळी बोटं एकदम. त्यात खुळखुळा येतो, बारीक गोष्टी निसटतात. मग एके दिवशी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतात. चिमूट जमली! निवडताना उडालेला तांदळाचा दाणा, कानातल्याची फिरकी, टिकली, मंगळसूत्रातून ओघळलेला काळा मणी, आजीला चष्मा लावूनही जे सापडत नाही ते बाळ फरशीवरून अलगद उचलतं. घरात टाळ्या वाजतात. आणि नेमकं याच सुमारास ते रांगायलाही लागलेलं असतं. झालं, दिवाणाखालपासून देव्हाऱ्यापर्यंत जे जे खाली पडलंय ते सगळं त्याच्या ताटात वाढलेलं.

आता तोंडातून पुढे जाऊ. जिभेच्या मागे दोन रस्ते फुटतात. पुढचा श्वासनलिकेचा, मागचा अन्ननलिकेचा. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. बोटाखाली काहीतरी वर सरकलं ना? ते स्वरयंत्र. ते वर जातं, त्यावर झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो आणि घास मागच्या रस्त्याला लागतो. पुढचं काम अन्ननलिकेच्या स्नायूंचं. उन्हाळ्यात पेप्सीकोल्याची पिशवी खालून दाबत दाबत तुम्ही बर्फ तोंडाकडे ढकलता, तसे हे स्नायू घासाच्या मागून आवळत आवळत त्याला पोटाकडे ढकलतात. म्हणून डोकं खाली, पाय वर केले तरी घास पोटातच जातो. (करून बघू नका. तुमच्या आया मला बोलतील.)

ही नळी सगळीकडे सारखी रुंद नसते. सुरुवातीलाच, गळ्याच्या तळाशी, ती अरुंद असते. मग छातीत जिथे महाधमनी तिला टेकून जाते तिथे, आणि शेवटी जठराच्या दाराशी. लहान मुलांनी गिळलेली नाणी जास्त करून पहिल्याच ठिकाणी अडकतात. आपल्या एक्स-रेतला गोलही तिथेच आहे.

आता त्या गोलाची कड नीट बघा. नाणं म्हणजे धातूची सलग चकती, त्यामुळे एक्स-रेत एकसारखा पांढरा गोल आणि एकच कड. बटण सेल दोन तुकड्यांचा असतो. एक मोठी वाटी, तिच्यात बसवलेलं जरा लहान झाकण आणि मध्ये प्लॅस्टिकची रिंग. त्यामुळे सेलच्या एक्स-रेत कडेच्या आत आणखी एक कड दिसते. गोलात गोल. बाजूने काढलेल्या एक्स-रेत तर सेलच्या एका अंगाला छोटी पायरीच दिसते. आपल्या कोड्यातल्या एक्स-रेत गोलात गोल आहे. भाऊ बरोबर होता.

डॉक्टर ती पायरीही बारकाईने बघतात. पायरी ज्या अंगाला, ती सेलची ऋण बाजू. ती पुढे श्वासनलिकेकडे आहे की मागे मणक्याकडे, हे त्यांना कळायला हवं असतं. का, ते सांगतो.

सेल गळ्यात अडकला की काय होतं असं कुणाही मोठ्या माणसाला विचारा. उत्तर येईल, "फुटतो आणि आतलं विष बाहेर येतं." तसंही होऊ शकतं, पण मोठा घात त्याच्या आधीच होतो आणि तो न फुटलेला, चकचकीत, नवाकोरा सेलही करतो. सेलला काम करायला काय लागतं? धन बाजूपासून ऋण बाजूपर्यंत वीज जाईल अशी सलग वाट. रिमोटमध्ये ही वाट तांब्याची असते. गळ्यात ती असते ओल्या मांसाची. लाळेत क्षार असतात आणि क्षारांच्या पाण्यातून वीज जाते. जागा इतकी अरुंद की नळीच्या भिंती सेलला दोन्ही बाजूंनी चिकटून बसतात. सर्किट पूर्ण!

पाण्यातून अशी वीज गेली की पाणी फुटतं. ऋण बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि मागे उरतो हायड्रॉक्साइड. लाळेत सोडियम आहेच. सोडियम आणि हायड्रॉक्साइड मिळून काय होतं, ते शेजारच्या दहावीतल्या ताईला विचारा. कॉस्टिक सोडा! तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीत असतो तोच. तेलात कालवून ज्याचा साबण करतात तोच. म्हणजे सेलने बाहेरून विष आणलंच नाही. जिथे अडकला तिथल्याच पाण्यातून आणि मिठातून त्याने ते तयार केलं, आणि बाहेर काढेपर्यंत करत राहणार. पीएचच्या पट्टीवर शुद्ध पाण्याचा आकडा 7. सेलच्या ऋण बाजूशी तो 12-13 पर्यंत चढतो. या पट्टीवरचं प्रत्येक घर दहापट असतं, तेव्हा 7 पासून 12 पर्यंत किती पट झाले ते तुम्हीच मोजा. दोन तासांत गळ्याला खोल जखम होऊ शकते.

आणि मूल ओरडून सांगतं का? बरेचदा नाही. लाळ गळते, खायला नको म्हणतं, खोकतं, ओकतं. कधी कधी काहीच नाही. दात येत असतील, सर्दी झाली असेल, म्हणून घरचे त्याला थोपटून झोपवतात. म्हणून त्या भावाचं ते एक वाक्य, 'आतला सेल नाहीये', फार मोलाचं.

हे सगळं डोळ्यांनी बघायचंय? त्यासाठी हळद हवी. शर्टावर पडलेल्या आमटीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हे तुम्ही पाहिलं असेल. हळदीला अल्कली लागली की तिचा रंग असा पालटतो. तर बाळ दुसऱ्या खोलीत झोपलेलं असताना घरातल्या मोठ्या माणसाने (तुम्ही नाही, तुमचं काम बघायचं) बटाट्याची एक जाडसर चकती कापायची. तिच्यावर मिठाच्या पाण्यात कालवलेली हळद फासायची. तिच्यावर सेल ठेवायचा, अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर. कडेने बारीक फेस यायला लागतो. थोड्या वेळाने सेल उचलला की पिवळ्या हळदीवर लालसर डाग. तिथे कॉस्टिक तयार झालं! नंतर सेल पुसून, चिकटपट्टीत गुंडाळून बाजूला ठेवायचा, बटाटा कचऱ्यात आणि हात साबणाने स्वच्छ.

याच प्रयोगाला रिमोटमधून 'संपला' म्हणून काढलेला सेल घ्या. तोही बहुतेकदा डाग पाडतो. पाणी फुटायला सव्वा व्होल्टच्या आसपास सुरुवात होते. नवा लिथियम सेल 3 व्होल्टचा असतो आणि रिमोट त्याला कंटाळतो तेव्हाही त्यात दोन-अडीच व्होल्ट शिल्लक असू शकतात. रिमोट चालवायला ते पुरत नाहीत, गळा भाजायला पुरतात. मोठी माणसं असे सेल टीव्हीशेजारच्या वाटीत, किल्ल्या आणि रबरबँडांच्या संगतीत का साठवतात, हे मला आजवर कळलेलं नाही. "असू दे, लागेल कधीतरी." कशाला लागेल?

या कॉस्टिक सोड्याशी जन्मभर भांडलेला एक डॉक्टर अमेरिकेत होऊन गेला. पण त्याच्याआधी एका तलवार गिळणाऱ्याला नमस्कार करू. जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत नळी घालून बघता येईल का, असा प्रश्न जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या अडोल्फ कुसमाउल या डॉक्टरांना पडला होता. सरळ, ताठ नळी कोण गिळणार? 1868 साली त्यांनी तलवारी गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसालाच बोलावलं. त्याने मान मागे टाकली आणि नळी आत घेतली. कुसमाउलांची अडचण वेगळीच निघाली, आत पुरेसा उजेड पोचेना.

उजेड पोचवला तो शेव्हॅलिए जॅक्सन यांच्यासारख्यांनी. 1865 साली पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या या डॉक्टरांनी बारीक दिवा लावलेल्या नळ्या आणि नाना आकारांचे लांब चिमटे स्वतः घडवले. लोकांच्या अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून अडकलेल्या वस्तू ते अलगद काढत आणि काढलेली वस्तू जपून ठेवत. अशा 2,374 वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात उथळ ड्रॉवरमध्ये ओळीने मांडलेल्या आहेत. बटणं, नाणी, दाणे, हाडं, छोटंसं कुलूप, खेळण्यातली चिमुकली दुर्बीण. एका पदकावर तर 'मला जवळ बाळगा, नशीब उघडेल' अशा अर्थाची अक्षरं आहेत. नशीब कुठे उघडलं, तर ऑपरेशनच्या टेबलावर! सेफ्टी पिना तर किती तरी. उघडी पिन टोक वर करून अडकली की ओढताना फाडत येणार, म्हणून ती आतल्या आत फिरवून किंवा मिटवून काढायच्या युक्त्या जॅक्सन यांनी शोधल्या. आता तुमच्या घरातल्या बायकांच्या बांगडीला किंवा मंगळसूत्राला अडकवलेली पिन आठवा. बाळ कडेवर असतं तेव्हा त्याच्या तोंडासमोर नेमकी तीच लटकत असते.

त्या काळी अमेरिकेत घरोघरी साबण करायला आणि मोऱ्या साफ करायला कॉस्टिक सोड्याचे डबे असत. आत पांढरी पूड, साखर की मीठ ओळखू येऊ नये अशी, आणि डब्यावर धोक्याचा धड इशाराही नसे. मुलं चाखत. अन्ननलिका भाजून अशी आकसून जाई की पाण्याचा घोट उतरेना. जॅक्सन त्या मुलांच्या नळ्या हळूहळू रुंद करत आणि दुसरीकडे सरकारच्या मागे लागत. अखेर 1927 साली कायदा झाला. अशा डब्यांवर 'विष' असं ठळक छापायचं आणि पोटात गेल्यास काय करायचं तेही लिहायचं. डबे कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. आणि बघा, जेमतेम शंभर वर्षांत तेच रसायन तयार करणारी चकती आपण सोफ्यावर लोळणाऱ्या रिमोटमध्ये घालून ठेवली.

शास्त्रज्ञ गप्प बसलेले नाहीत. स्कॉटलंडमध्ये 1958 च्या सुमाराला बधिर करण्याच्या औषधांवर काम चालू असताना एक भयंकर कडू पदार्थ हाती लागला, डेनाटोनियम. याहून कडू काही माणसाला माहीत नाही म्हणतात. निनटेंडो कंपनीने 2017 मध्ये स्विच या गेमिंग कन्सोलची छोटी कार्डं काढली तेव्हा त्यांना हाच लेप दिला, मुलांनी गिळू नयेत म्हणून. बातमी फुटताच जगभरची मोठमोठी माणसं मुद्दाम कार्डं चाटून तोंडं वेडीवाकडी करू लागली! पुढे ड्युरासेलने आपल्या बटण सेलवरही हा लेप आणला. एनर्जायझरने ओलं होताच तोंड निळं करणारा रंग लावला. 2014 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट लँगर, जेफ्री कार्प आणि त्यांच्या चमूने तर सेलवर असा थर चढवून दाखवला की दाबला तरच वीज बाहेर जाते. रिमोटची स्प्रिंग दाबते, म्हणून रिमोट चालतो. गळा तेवढा दाबत नाही, म्हणून सेल मुका राहतो. मला ही शेवटची युक्ती सगळ्यात आवडते. कडू चव चांगलीच, पण बाळाने चव कळायच्या आत गपकन गिळलं तर? आणि निळं तोंड दिसेल तेव्हा सेल आत गेलेलाही असेल.

सेल ठेवायच्या कप्प्याबद्दलही कायदे झाले. ऑस्ट्रेलियात जून 2022 पासून बटण सेल वापरणाऱ्या वस्तूंचा कप्पा लहान मुलाला उघडता येणार नाही असाच असावा लागतो. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण खेळण्यांवर! वजनकाटा, किल्ली, थर्मामीटर, गाणारं ग्रीटिंग कार्ड, सेलवरच्या पणत्या ही काही खेळणी नाहीत. जत्रेतल्या टोपलीत चमचमणाऱ्या अंगठ्यांवर चिन्ह आहे का, ते बघत कोण बसतं?

म्हणून तपासाचं एक साधन घरीच करा. खेळण्यांची परीक्षा घेणाऱ्यांकडे 31.7 मिमी व्यासाची एक नळी असते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा घसा पूर्ण ताणला तर साधारण तेवढा होतो. त्या नळीत जी वस्तू न दाबता पूर्ण मावते, ती त्या वयाच्या खेळण्यात चालत नाही. तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची 11 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद पट्टी कापा. एक सेंटीमीटर एकावर एक चढवून चिकटवा. राहिला 10 सेंमीचा घेर. त्याला 3.14 ने भागा, व्यास येतो सुमारे 31.8 मिमी. झाली नळी! आपली सगळी नाणी यात जातात, 27 मिमीचा दहाचा ठोकळासुद्धा. गोल चेंडू आणि गोट्या मात्र या नळीवर सोडू नका. चेंडू घशात बुचासारखा बसतो, म्हणून त्याच्यासाठी साडेचार सेंमीच्या आसपासचं भोक धरतात.

नळीत मावणाऱ्या वस्तूंमध्येही काही खास वाईट आहेत. छोटे, फार जोरदार लोहचुंबक, जे मण्यांसारखे एकमेकांना चिकटतात. एक गिळला तर तो जाईल खाली. दोन वेगवेगळ्या वेळी गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटते आणि तिला भोक पडतं. पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत मणी कोरडे असताना मोहरीएवढे असतात, पोटातलं पाणी पिऊन आतडं बंद करण्याएवढे होतात, आणि एक्स-रेत दिसतही नाहीत.

आणि शेंगदाणा. आपल्याकडे मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टरांना वरचेवर काढावा लागतो तो हाच. पुढच्या दातांनी दाणा फुटतो, पण त्याचा भुगा करायला दाढा लागतात आणि मागच्या दाढा यायला बाळाला दोन-अडीच वर्षं लागतात. तोंडात अर्धा दाणा, तेवढ्यात कुणी हसवलं, पडलं, रडलं, की जोराचा श्वास आणि दाणा पुढच्या रस्त्याला. तो बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जातो, कारण उजवीकडची नळी जास्त रुंद आणि जास्त सरळ आहे. तिथे तो भिजतो, फुगतो. तेव्हा दाण्याचा कूट घातलेली खिचडी बाळाला खुशाल द्या, अख्खा दाणा नको. फुटाणे आणि सीताफळाच्या बियाही नकोत.

आता समजा, झालंच. घशात काही अडकून बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या, खोकला चांगला. आवाजच फुटत नसेल, रंग बदलत असेल, तर ओरडून मोठ्या माणसाला बोलवा. पाठीवर थापा मारून वस्तू बाहेर काढायची रीत असते, ती बाबांनी-आईने डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवावी. दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन लावावा. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते.

सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी 'बघू या सकाळी' नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात, जिथे एक्स-रे आहे आणि घशातून वस्तू काढणारे डॉक्टर आहेत. उलटी करवायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही. अपवाद एकच, मध. 2018 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रयोग करून दाखवलं की चिकट आणि किंचित आंबट मध सेलभोवती बसला तर भाजणं कमी होतं. म्हणून एक वर्षावरच्या मुलाने बारा तासांच्या आत सेल गिळला असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्यात पोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, फार तर सहा वेळा, असा सल्ला तिथलं विषबाधा केंद्र देतं. मध शोधायला दुकानात जायचं नाही, घरात असेल तर सोबत घ्यायचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यातून त्याला वेगळाच गंभीर आजार होऊ शकतो. आणि त्याच सेलचं पाकीट किंवा जोडीचा दुसरा सेल असेल तर तोही बरोबर न्यायचा. डॉक्टरांना माप लगेच कळतं.

आता उठा आणि फरशीवर पालथे पडा. खरंच. हनुवटी फरशीला टेकवून खोलीभर बघा, मग कळेल बाळाला काय काय दिसतं ते. हातात पुठ्ठ्याची नळी घ्या आणि सोफ्याखालून, कपाटामागून, पायपुसण्याच्या कडेखालून जे निघेल ते तिच्यात टाकून बघा. मग रिमोट, काटे, थर्मामीटर, किल्ल्या, गाणारी पुस्तकं, लाइटवाले बूट एका जागी आणा आणि कशाचं झाकण नुसत्या नखाने उघडतं ते शोधा. जे उघडतं त्याला जाड चिकटपट्टी. संपलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंनाही पट्टी लावून मोठ्यांकडे द्या, ते ई-कचऱ्यात टाकतील.

राखीपौर्णिमेला लाइटवाल्या राखीचा हट्ट असेल तर दुकानातच तिची पाठ तपासा. आतले सेल इवलेसे, साधारण 8 मिमीचे असतात. बाळं ते नाकातही घालतात आणि ओल्या नाकात त्यांचं तेच काम सुरू होतं. झाकणाला स्क्रू नसेल तर ती राखी तिथेच ठेवा आणि रेशमाच्या गोंड्याची घेऊन या.